पोरगी म्हणते, टेक्नॉलॉजीची पत्रकार व्हायचं

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. अचलपूर तालुक्यात थोडी संत्र्याची बाग, बाकी कपाशी आणि तूर. मुलगी परतवाड्याला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. तिला गूगल, फेसबुकसारख्या कंपन्यांवर आणि इंटरनेटच्या जगावर लिहायचंय. तुम्ही विचारता, "मोबाइल कंपन्यांबद्दल लिहून कोनाचं पोट भरते? बी.एड. करू द्यावं का तिले, का पुन्याले आयटीत धाडावं?" लग्नाचंही एक वाक्य आहे. त्यावर तुम्ही मत मागितलेलं नाही, मीही देत नाही.

आधी एक घोळ निस्तरू. यूट्यूबवर नवा मोबाइल डब्यातून काढून कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. फोन बहुतेक वेळा कंपनीच पाठवते. तो धंदा आहे, कुणी त्यात चांगलं कमावतंही, पण तो जाहिरातीच्या अंगाने जाणारा धंदा आहे. मुलीच्या चिठ्ठीवरून तिच्या मनात वेगळं काम दिसतं: कंपनी काय बोलली, प्रत्यक्षात काय केलं, पैसा कुठून आला आणि भोगलं कोणी, हे खोदून काढायचं. दोन्हीला लोक 'टेक'च म्हणतात, म्हणून तुमचा गोंधळ झाला.

याचं उदाहरण तुमच्याच वाटेवर आहे. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं की सेमाडोहच्या पुढे हरिसाल. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या साथीने 'डिजिटल गाव' म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी त्या गावाच्या सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच सभेच्या मंचावर आणून उभं केलं, आणि अख्खा महाराष्ट्र हरिसालवर बोलू लागला. चार दिवस 'खरं की खोटं' असा कल्ला झाला आणि निवडणूक संपल्यावर विषयही संपला. माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं. कोणती यंत्रं बसवली, त्यांच्या देखभालीचा खर्च कोणी उचलायचा होता, दवाखान्यातली आणि शाळेतली सोय आज वापरात आहे का, कंपनीने आणि सरकारने एकमेकांना लिहून काय दिलं होतं? हे विचारायला मुंबईचा पत्रकार दोन दिवसांसाठी येतो आणि जातो. तुमची मुलगी सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते, महिन्याने पुन्हा जाऊ शकते.

आणि तुमच्या शेतातलंच पाहा ना. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची. धुऱ्यावर उभं राहून तुम्हीही मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधली असेल. गट नंबर निवडला, कपाशीचा फोटो काढला, आणि तो चढता चढेना. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी आली. फोटो चढला नाही तर सातबाऱ्यावर काय दिसतं, आणि दाद तलाठ्याकडे मागायची की अ‍ॅप बनवणाऱ्याकडे? हीसुद्धा टेक्नॉलॉजीचीच बातमी आहे. आपल्याकडे मात्र ती 'शेतकऱ्यांची गैरसोय' या मथळ्याखाली आतल्या पानावर चार ओळींत जाते.

इंटरनेटचं जग म्हणजे नुसते रील्स आणि मीम्स, असंही समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, कारण मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. अफवा कशी फिरते, कंपनी कधी हलते आणि कशामुळे हलते, हे समजून लिहिणारी माणसं मराठीत फार थोडी आहेत.

आता पोटाचं. इथे मी गोड बोलणार नाही. मराठीत फक्त टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्याला पूर्णवेळ नोकरी देणारे मोजकेच. पुष्कळ ठिकाणी ते पान कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांवरच भरतं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, वर दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करायचं काम. त्यात जाहिरातीचा मोठा पैसा गूगल आणि मेटाकडे (फेसबुकच्या कंपनीकडे) वळलाय, म्हणजे ज्या कंपन्यांवर ती लिहिणार त्यांनीच तिच्या पेपरचं उत्पन्न खाल्लेलं असणार. पहिली काही वर्षं घरचा आधार लागेल. तो देता येईल का, हे तुम्ही बागेचा हिशेब मांडून ठरवा.

म्हणून बी.एस्सी. सोडायची नाही. कोड वाचता येणारा पत्रकार दुर्मीळ, आणि तीच तिची जमेची बाजू. पदवीनंतर अमरावतीलाच भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. नागपूर विद्यापीठातही जनसंवाद विभाग आहे. पुण्याला जायलाच हवं असं काही नाही. बी.एड.चं म्हणाल तर शिकवायची आवड असेल तरच. केवळ 'काहीतरी हाताशी असू द्या' म्हणून करायचं असेल तर त्यापेक्षा सॉफ्टवेअर कंपन्यांत माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम, टेक्निकल रायटिंग, तिला जास्त जवळचं. नागपूरच्या मिहानमध्ये आयटी कंपन्या आहेत, तिथे चौकशी करायला हरकत नाही.

इंग्रजीबद्दल ती घाबरते असं तुम्ही लिहिलंय. बोलणं अडखळलं तरी चालेल, वाचणं पक्कं हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. तो आदेश इंग्रजीत आहे आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. रोज दोन पानं वाचायची आणि संध्याकाळी तुम्हाला तुमच्या बोलीत समजावून सांगायचं. तुम्हाला कळलं, तर तिला लिहिता येतंय असं धरा. मोबाइल हिसकावून घेण्याचा विचार तेवढा सोडा.

या सुट्टीत तिने हरिसालवर एक लेख लिहावा. खासगी कंपनीला माहितीचा अधिकार थेट लागत नाही. पण कंपनीने सरकारशी करार केला की त्याची प्रत सरकारी फाइलीत असते आणि ती मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, ऑनलाइनही करता येतो. 'डिजिटल गावाची सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नये. कराराची प्रत, झालेला खर्च आणि आज देखभाल कोणाकडे आहे, एवढंच मागावं. पोच जपून ठेवायला सांगा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करावं लागेल, आणि तेव्हा अर्ज कोणत्या तारखेला दिला हे दाखवावं लागतं.