लग्नाच्या कॅसेटी संगणकावर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

व्हीएचएस कॅसेटी संगणकावर घेताना अडलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांआधी एक सांगतो: व्हीसीआर प्रथम थेट टीव्हीला जोडून तीच कॅसेट पाहा. टीव्हीवरही चित्र बिघडलेलं असेल, तर संगणकात सेटिंग्ज धुंडाळण्यात वेळ घालवू नका. दोष कॅसेटमध्ये, व्हीसीआरमध्ये नाहीतर केबलमध्ये आहे.

यूएसबी कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र संगणकात नेणारं छोटं यंत्र) मागवली. चित्र येतं, पण काळं-पांढरं, आणि सतत खालून वर सरकत राहतं. टीव्हीवर हीच कॅसेट रंगीत आणि स्थिर दिसते. स्टिक परत करू का? (नाशिक रोड)

इतक्यात नको. स्टिक एनटीएससीवर राहिलेली दिसते. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं तेव्हापासून पाल पद्धत आहे: ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला ३० च्या किंचित कमी फ्रेम. यातल्या बऱ्याच स्टिक एनटीएससी गृहीत धरूनच सुरू होतात. मग चित्र फिरतं आणि रंग गायब होतो.

कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइल मेनूतून कॅप्चर मोडमध्ये जा, डिव्हाइस मेनूत स्टिक निवडा आणि व्हिडिओ मेनूतलं कॅप्चर फिल्टर उघडा. व्हिडिओ डिकोडर या टॅबवर ‘पाल बी’ निवडा. मग कॅप्चर पिनमध्ये आकार ७२० × ५७६, रंगाचा प्रकार वायूवाय२ आणि वेग २५ ठेवा. संगणक बंद करून सुरू केला की काही स्टिक पुन्हा एनटीएससीवर जातात, म्हणून प्रत्येक कॅसेटच्या आधी हे तपासा.

फिरणं थांबलं आणि रंग तरी नाहीच, तर इनपुट पाहा. केबल पिवळ्या पिनमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एस-व्हिडिओ निवडलेलं, अशा वेळी काही स्टिकवर नेमकं काळं-पांढरं चित्र येतं.

आणखी एक घोळ. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या स्टिकच्या आत वेगवेगळ्या चिप असतात, आणि पाकिटातली सीडी भलत्याच चिपची निघते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी पाहा. व्हीआयडीपुढे ०५ई१ असेल तर सिनटेकची चिप, १बी७१ असेल तर यूटीव्ही००७. ड्रायव्हर त्यानुसार शोधा. खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नाही.

चित्र उत्तम, पण आवाज मागे पडतो. सुरुवातीला ठीक असतो; मंगलाष्टकांपर्यंत भटजींचे ओठ आणि आवाज यांत जवळजवळ सेकंदाचं अंतर पडतं. तीनदा कॅप्चर केलं, तेच. (कोथरूड, पुणे)

सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची आहेत. आवाज सरकतो तो तीन तऱ्हांनी, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून आधी फाइलमध्ये तीन जागा निवडा: सुरुवात, मध्य, शेवट. टाळी, ताशा, फटाका असं काहीतरी ठळक शोधा आणि प्रत्येक ठिकाणी अंतर किती आहे ते कागदावर लिहा.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच, तर प्रश्न किरकोळ आहे. एडिटरमध्ये आवाजाची पट्टी तेवढी पुढे-मागे सरकवा.

अंतर सावकाश, एकाच प्रमाणात वाढत जात असेल तर दोन घड्याळांचा वाद आहे. चित्र स्टिकमधून येतंय आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून, असं असेल तर हे हमखास होतं. साउंड कार्ड म्हणतं मी सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. प्रत्यक्षात ते ४८,०१० घेत असलं तर तासाला पाऊण सेकंदाचा फरक पडतो. लाल-पांढऱ्या पिनाही स्टिकलाच लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठीही स्टिकच निवडा; बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. आधीची फाइल वाचवायची असेल तर आवाजाची लांबी भागिले चित्राची लांबी करा. चित्र ३,६०० सेकंद आणि आवाज ३,६००.७५ सेकंद, तर गुणक १.०००२०८. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये तेवढा टेम्पो वाढवा, म्हणजे ०.०२०८ टक्के. स्वर बदलत नाही.

तिसरी तऱ्हा त्रासदायक. आवाज बराच वेळ ठीक आणि मग एकदम उडी मारून सरकतो. इथे फ्रेम गळताहेत. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. २५ गळल्या की सेकंद गेला. व्हर्च्युअलडबच्या उजव्या पट्टीत गळलेल्या आणि मध्ये घातलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. कॅप्चर चालू असताना त्यावर नजर ठेवा आणि आकडा वाढला की व्हीसीआरच्या काउंटरवरची वेळ टिपून घ्या. तीच कॅसेट पुन्हा चालवा.

दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गळल्या तर कारण कॅसेटमध्ये आहे. शूटिंगवाल्यानं कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला ती जागा, दोन रेकॉर्डिंगमधला कोरा भाग, चुरगळलेली टेप. अशा ठिकाणी सिग्नल क्षणभर तुटतो आणि स्टिक गोंधळते. तुकडे पाडा: हळदीपर्यंत एक फाइल, तिथून पुढे दुसरी.

दर वेळी वेगळ्या जागी गळल्या तर संगणक दोषी. स्टिक हबला न लावता थेट पोर्टला लावा. फाइल बाहेरच्या यूएसबी डिस्कवर न लिहिता आतल्या डिस्कवर लिहा. कॅप्चरपुरतं वायफाय आणि अँटीव्हायरसचं स्कॅनिंग बंद, पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद, आणि लॅपटॉप चार्जरवर. कॅप्चर करताकरताच फाइल एच.२६४ मध्ये दाबून लहान करण्याचा मोह टाळा. जुना प्रोसेसर तिथेच दमतो. हफ-वायूव्ही किंवा यूटी व्हिडिओ हे कोडेक (चित्र दाबण्याच्या पद्धती) हलके आहेत आणि चित्रातलं काही कमी करत नाहीत. जागा मात्र तासाला ३०–३५ जीबी खातात. काहीच न दाबता घेतलं तर तासाला सुमारे ७५ जीबी, त्या मानानं हे बरं.

कॅप्चर दर वेळी आठेक मिनिटांनी आपोआप बंद पडतं. (लातूर)

डिस्क एफएटी३२ असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि हफ-वायूव्हीनं तेवढी जागा साधारण आठ मिनिटांत भरते. डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे हलवा, मग एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा उजवीकडे वाकतो आणि फडफडतो. शिवाय मध्येच ‘कॉपी प्रोटेक्टेड’ असा संदेश येऊन पडदा काळा होतो. ही आमच्या घरच्या मुंजीची कॅसेट आहे, तिला कसलं आलंय प्रोटेक्शन? जुन्या टीव्हीवर मात्र ठीक दिसते. (कोल्हापूर)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. व्हीसीआरचं ड्रम, म्हणजे टेप वाचणारी हेड बसवलेलं नळकांडं, पाल पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे घेतं. टेप ताणली गेली असेल किंवा रबर जुने झाले असतील, तर प्रत्येक रेषा थोडी लवकर वा उशिरा येते. एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला लागतं तिथे हा फरक सगळ्यात जास्त असतो, आणि तो चित्राच्या माथ्यावर उमटतो. जुना डबा टीव्ही असली चूक पोटात घालतो. स्टिक घालत नाही. टीव्हीवर पाहण्याची आमची सुरुवातीची युक्ती इथे अपुरी पडते, हे मान्य.

विकत मिळणाऱ्या कॅसेटींत कॉपी रोखण्यासाठी चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या रेषांमध्ये जादा स्पंद घातलेले असत. झिजलेल्या घरगुती कॅसेटमधला गोंगाट नेमका तिथेच असला की स्टिकला ती खूण वाटते. सिग्नल स्थिर झाला की हा गैरसमजही जातो.

आधी ट्रॅकिंग हातानं फिरवून पाहा. बहुतेक व्हीसीआरवर कॅसेट चालू असताना चॅनेलची अधिक-उणे बटणं हेच काम करतात. मग शक्य असेल तर दुसरा व्हीसीआर लावून पाहा. एकावर वाकणारी कॅसेट दुसऱ्यावर सरळ चालते, हे अनेकदा होतं. खरं औषध टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेषांची वेळ दुरुस्त करणारं यंत्र. ते महाग आणि दुर्मीळ. घरगुती पर्याय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. व्हीसीआरची पिवळी पिन त्याच्या लाइन-इनमध्ये, त्याच्या आउटपुटमधून स्टिकला. डिस्क घालायची नाही, सिग्नल फक्त आतून जाऊ द्यायचा. जाताजाता तो रेषा सरळ करून पुढे देतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी नावाजलेले आहेत. सगळेच रेकॉर्डर हे करत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी आपलीच वाईट कॅसेट लावून खात्री करा. सॉफ्टवेअरनं नंतर हे वाकणं नीट काढता येत नाही.

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. चालवून बघू का? (चिपळूण)

नको. ती बुरशी आहे; कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींना ती लागतेच. अशी एक कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की हेड बरबटतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागण होते. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या काढून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात आठवडाभर कोरड्या होऊ द्या. उन्हात ठेवू नका, टेप वाकडी होते.

साफ करायला भंगारातला, फक्त टेप गुंडाळण्यापुरता चालणारा व्हीसीआर घ्या. चांगल्या व्हीसीआरवर हा प्रयोग नको. तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. झाकण काढून टेप सावकाश पुढे आणि मागे गुंडाळताना धागे न सुटणारं मऊ कापड तिच्या कडांना हलकंच टेकवून ठेवा, आणि कापड सतत बदला. कॅसेटच्या आवरणातही बुरशी असेल तर खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं स्वच्छ आवरणात बसवा. उघडताना वरची बाजू सावकाश उचला आणि टेपचा मार्ग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग उडाली की शोधत बसावं लागतं.

हेड बरबटलेच असतील तर वायर काढा, झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शामॉय चामड्याचा तुकडा ड्रमला स्थिर टेकवा आणि ड्रमच वरच्या कडेनं बोटानं फिरवा. वर-खाली कधीही घासू नका, हेडचं टोक तुटतं आणि व्हीसीआर संपतो. कानातला कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. सॅनिटायझर तर नकोच; त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

दादरहून आईवडिलांनी पाठवलेली कॅसेट इथल्या व्हीसीआरवर लावली तर चित्र धावतं आणि आवाज चिपमंकसारखा येतो. (न्यू जर्सी)

कॅसेटचं खोकं एकच असलं तरी रेकॉर्डिंग पालचं आहे. पालमध्ये टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते, एनटीएससीत ३३.३५. तुमचा व्हीसीआर ती घाईनं ओढतोय. पाल किंवा मल्टिसिस्टम व्हीसीआर लागेल. भारतातून आणला तर १२० व्होल्टचे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही. व्हीसीआरमध्ये पालचं एनटीएससी करण्याची सोय असली तर ती बंद ठेवा. संगणकाला देश कळत नाही. स्टिक पालवर ठेवा आणि २५ फ्रेमनंच घ्या. इतका खटाटोप एका कॅसेटसाठी असेल, तर तिथेच उतरवून फाइल मागवणं शहाणपणाचं.

चित्र येतं, आवाज अजिबात नाही. (अकोला)

विंडोज १० आणि ११ मध्ये स्टिकचा आवाज मायक्रोफोन म्हणून धरला जातो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मायक्रोफोन, आणि तिथे डेस्कटॉप अॅप्सना परवानगी द्या. आवाज येतो पण मध्येच खरखरतो असं झालं, तर व्हीसीआरवर हाय-फायऐवजी नॉर्मल किंवा मोनो ट्रॅक निवडून पाहा.

हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात, आणि तळाशी एक तुटकी पट्टी. (ठाणे)

दोन्हींत बिघाड काही नाही. व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड असतं. सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी येतात. कॅप्चर तसंच राहू द्या, मूळ फाइल जपा. बघण्याची प्रत करताना हँडब्रेक या फाइल रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ आणि प्रीसेट बॉब निवडा. फ्रेम २५ च्या ५० होतात आणि हालचाल टीव्हीवर होती तशी वाहती दिसते. माणसं उलटसुलट थरथरू लागली तर फील्डचा, म्हणजे सम-विषम रेषांचा, क्रम चुकलाय, तो बदला. तळाची पट्टी हेड बदलण्याची आहे, जुना टीव्ही ती कडेआड लपवायचा. ती कापू नका, काळ्या पट्टीनं झाका. आणि प्रत ४:३ ठेवा; सोळा-नऊ करून मामा-मावश्यांना जाड करू नका.

मिनीडीव्हीची कॅसेट याच स्टिकनं घेऊ का? (पणजी)

घेता येईल, पण घेऊ नका. मिनीडीव्हीवरचं रेकॉर्डिंग मुळात डिजिटल आहे. कॅमेऱ्यावर आय-लिंक किंवा डीव्ही लिहिलेलं चार पिनांचं छोटं सॉकेट असतं. तिथून संगणकातल्या फायरवायर कार्डाला जोडा. तासाला सुमारे १३ जीबी लागतात, आणि पिवळ्या पिनेतून होणारी घट होतच नाही.