शब्दांची कुळकथा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ उच्चारत नाहीत, मग लिहितात कशाला? मुलगी आठवीत आहे, तिला स्पेलिंग घोकून पाठ करावं लागतं.

उत्तर : हा ‘बी’ मागाहून घुसवलेला आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘डी-ई-टी-टी-ई’ असा लिहीत आणि त्यात ‘बी’ नव्हता. पुढे लॅटिनच्या अभ्यासकांनी मूळ ‘डेबिटुम’ दिसावं म्हणून तो घातला. लोकांची जीभ मात्र बदलली नाही. ‘डाउट’चंही तेच झालं. ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आला, पण त्याच कुळातल्या ‘डिसीट’मध्ये (फसवणूक) नाही, नियम शोधत बसलात तर इथेच फसाल.

मुलीला घोकंपट्टी नको, भावंडं शोधायला सांगा. न उच्चारलं जाणारं अक्षर ज्यात ऐकू येतं असा शब्द शेजारी लिहायचा : ‘डेट’जवळ बँकेच्या पासबुकातला ‘डेबिट’, ‘साइन’जवळ ‘सिग्नेचर’, ‘मसल’जवळ ‘मस्क्युलर’. रोज तीन जोड्या पुष्कळ झाल्या.

एक सावधगिरी हवीच. नुसत्या सारखेपणावर विसंबू नका. ‘आयलंड’ मुळात अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे, त्यात ‘एस’ कधीच नव्हता. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या, बेट याच अर्थाच्या ‘आइल’शी (आय-एस-एल-ई) त्याचं नातं आहे असं समजून हा ‘एस’ चिकटवला गेला. म्हणून शब्दकोशात व्युत्पत्तीच्या ओळीतलं सर्वांत जुनं रूप आधी पाहा, अर्थ नंतर जुळवा.