फिनलंडला येतोयस तर फिनिशबद्दल थोडं

अरे, 15 विभक्त्या आहेत हे वाचून टेन्शन घेऊ नकोस, सगळे तेच सांगून घाबरवतात. आपण काय वेगळं करतो, पुणे म्हणतो पण पुणेत नाही म्हणत, पुण्यात म्हणतो, तसंच इथे शहर तुर्कु पण तुर्कुमध्ये म्हणायचं तर तुरुस्सा, मधला क गायबच, आणि हेलसिंकीचं हेलसिंगिस्सा. आपलं सामान्यरूप समजून पकड, इंग्लिशमधून शिकायला गेलास तर उगाच जड जाईल.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र नीट ऐक. तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे कस्टम्स.

दुकानात पाकिटावर माइतो लिहिलेलं बघूनच दूध घे, मी पहिल्या आठवड्यात पीमा आणलं, चहात ओतलं आणि सगळा चहा फाटला, ते आपल्या ताकासारखं आंबट असतं (कढी मस्त होते त्याची, खरंच करून बघ).

'प्लीज'ला सरळ शब्द नाही, त्यामुळे कोणी तुटक बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस, कीतोस (म्हणजे थँक्यू) म्हणायचं की झालं. क्लासमध्ये 'मी'ला मिना शिकवतील पण कॅन्टीनमध्ये पोरं मॅ म्हणतात, म्हणून जेवायला त्यांच्याच टेबलावर बसत जा. पोचलास की मेसेज टाक.