नर्मदा इतकी जवळ असताना चंबळ उत्तरेकडे का वाहते?

आपला प्रश्न असा आहे की, महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवरच्या नर्मदेला न मिळता साडेनऊशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन यमुनेला का मिळते, आणि डोंगरावर बर्फ नसताना तिला पाणी येते कोठून. मी इंदूरचाच असल्याने हा मुलूख पाहण्यातला आहे.

पहिल्याचे उत्तर विंध्याच्या आकारात आहे. इंदूरहून महूला जाताना चढ फारसा जाणवत नाही, कारण आपण माळव्याच्या पठारावरच असतो. पुढे मानपूरचा घाट लागला की जमीन एकाएकी तुटते आणि खाली निमाड, म्हणजे नर्मदाखोऱ्याचा प्रदेश, पसरलेला दिसतो. नर्मदेचे खोरे खचलेल्या भूभागात असल्यामुळे विंध्याची दक्षिण बाजू कड्यासारखी उभी, तर उत्तर बाजू सौम्य उताराची आहे, आणि दोन्हीकडची पाणलोटे वेगळी करणारी रेषा या कड्याच्या अगदी काठाने जाते. जानापाव या काठाजवळच उभा आहे. त्याच्या उत्तर उतारावरचे पाणी चंबळेला मिळते. गंभीरही याच डोंगरातली, पण ती क्षिप्रेमार्गे शेवटी चंबळेतच येते.

ही रेषा मात्र कायमची नाही. उभ्या उतारावरच्या नद्या आपला माथा मागे कोरत नेतात. चोरल नदीवरच्या पाताळपाणी धबधब्यात हे चांगले दिसते: बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, थर एकावर एक रचलेले आहेत, त्यांतला ठिसूळ थर आधी झिजतो, मग वरचा कठीण थर आधार सुटून कोसळतो आणि कडा थोडा मागे सरकतो. अर्थात हा हिशेब लाखो वर्षांचा आहे.

आता पाण्याविषयी. इंदूर परिसरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात साठते, आणि तेच झिरपून पावसाळ्यानंतर काही महिने ओढ्यांना पुरते. म्हणून जुलैत गर्जणाऱ्या पाताळपाणीला मे महिन्यात काळा कोरडा खडक आणि तळाशी डबके एवढेच उरते. उगमाच्या कुंडाला धार्मिक मान मोठा असला, तरी चंबळेला मोठी करतात त्या क्षिप्रा, काळी सिंध, पार्वती आणि बनास.

एक गंमत आपण विचारली नाहीत, पण सांगतो. १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी शेकडो मीटर उचलून विंध्यापलीकडे इंदुरात आणले जाते. वापरलेले पाणी खान नदीत, तेथून क्षिप्रेत आणि मग चंबळेत जाते. म्हणजे अरबी समुद्राला जाणारे पाणी पंपांच्या जोरावर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते, आणि त्या चढणीचे वीजबिल आम्हा इंदूरकरांच्या पाण्यावर चढते.