बॅकसाइट सुटी, पण रायफल घरात

एका वाचकाकडे वडिलांची .३०३ ली-एनफिल्ड क्रमांक ४ ही जुनी लष्करी रायफल आहे. तिच्यावर युद्धकाळात घाईने बसवली जाणारी साधी, उलटवायची बॅकसाइट (नेम धरण्यासाठीचा मागचा भाग) असून, ३०० आणि ६०० यार्ड अशा दोनच अंतरांसाठी असलेल्या तिच्या दोन पात्यांपैकी एक मोडले आहे. तिच्या जागी स्क्रू फिरवून वरखाली करता येणारी, २०० ते १३०० यार्डांच्या खुणा असलेली बॅकसाइट परदेशातला एक विक्रेता कुरियरने पाठवायला तयार आहे. ‘किरकोळ सुट्या भागांना शस्त्र कायदा लागू होत नाही’ असे त्यांना एका मित्राने सांगितले असून ते खरे आहे का, अशी त्यांची विचारणा आहे. वडील दीड वर्षापूर्वी वारले आणि रायफल तेव्हापासून कपाटात आहे, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत आले आहे. दस्ता, मॅगझिन, बोल्ट यांबद्दल अशीच पत्रे मला वरचेवर येतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

मित्राने सांगितलेली तरतूद कायद्यात आहे, पण त्याने वाक्य अर्धेच वाचले आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ चा खंड (घ) शस्त्रांचे किरकोळ भाग मिळवणे, कब्जात ठेवणे किंवा बाळगणे यांना कायद्यातून वगळतो. मात्र त्या भागांचा त्याच व्यक्तीकडे किंवा अन्य कोणाकडे असलेल्या पूरक भागांबरोबर वापर करण्याचा उद्देश नसेल, तरच. आपल्या प्रश्नाचा सगळा निकाल या ‘तरच’मध्ये आहे. ज्याच्याकडे रायफल नाही आणि ज्याला ती बॅकसाइट काचेच्या पेटीत मांडायची आहे, त्याला या खंडाचा आधार घेता येईल. आपल्याला ती रायफलीवर बसवायची आहे, तसे आपण मला लिहिले आहे आणि विक्रेत्यालाही लिहिले आहे. इतकेच नव्हे, तर माप जुळावे म्हणून रायफलीचा क्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटोही त्याला पाठवला आहे. उद्देश सिद्ध करण्यासाठी सरकारी वकिलाला एरवी साक्षीदार शोधावे लागतात. इथे तो पुरावा आपणच तयार करून ठेवला आहे, आणि तोही मला एक ओळ विचारण्याच्या आधी.

याच खंडातली दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात मिळवणे, कब्जा आणि बाळगणे हे तीनच शब्द आहेत; भारतात आणणे हा शब्द नाही, बनवणे किंवा दुरुस्त करणे हेही नाहीत. आयातीसाठी कलम १० वेगळे आहे आणि समुद्र, जमीन वा हवाई मार्गाने कोणतेही शस्त्र देशात आणण्यास ते स्वतंत्र परवाना मागते. शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम १० मोडून शस्त्र आणल्यास कलम २५(१ख) खाली कारावासाची शिक्षा आहे. विक्रेता पाकिटावर ‘यंत्राचा सुटा भाग’ असे लिहायला तयार आहे, असेही आपण कळवता. ते मान्य केलेत तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली खोट्या घोषणेचे आणि मालाच्या जप्तीचे प्रकरण वेगळे उभे राहील आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे कुठेच टिकणार नाही.

बॅकसाइट हा ‘भाग’ आहे की निव्वळ ‘उपसाधन’, यावर वाद घालता येईल, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिच्याशिवायही गोळी सुटते. आणि अग्निशस्त्राच्या व्याख्येत उपसाधनांचा उल्लेख आहे तो आवाज किंवा ज्वाळा कमी करणाऱ्यांपुरता. वरून लावलेल्या दुर्बिणीबाबत हा युक्तिवाद मी न्यायालयात नक्की करीन. मात्र रायफलीच्या मूळ आराखड्यातच असलेली, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याच्या) दोन कानांमध्ये आडव्या पिनेवर बसणारी बॅकसाइट माझ्या मते भागच ठरण्याचा संभव अधिक आहे. शिवाय हा वाद जिंकेपर्यंत किती तारखा पडतील, हे आपल्या न्यायालयांत कोणीही सांगू शकत नाही. आधी वर्षानुवर्षे आरोपी म्हणून उभे राहायचे आणि मग निर्दोष ठरायचे, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

रायफल ‘पुरातन’ असल्याचा मुद्दा आपण मांडला आहे, त्याचा उपयोग नाही. कलम ४५ चा खंड (ग) जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला वगळतो, पण दुरुस्ती करूनही जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशाच शस्त्राला. आपली रायफल चालू स्थितीत आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडून पाते घडवून घेण्याचा विचारही सोडून द्या, कारण शस्त्र बनवणे आणि दुरुस्त करणे यांना कलम ५ चा परवाना लागतो आणि तो नसेल तर कलम २५(१) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. आपल्यासाठी त्या माणसाला त्यात ओढू नका.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी, जी खरे तर पत्राच्या आरंभी यायला हवी होती. परवाना वडिलांच्या नावाचा होता. त्यांच्या पश्चात रायफल घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाही आपोआप मिळत नाही. वारसाहक्काने मालकी येते, कब्ज्याची परवानगी येत नाही. कोणत्याही कारणाने कब्जा कायदेशीर उरला नाही, तर शस्त्र ‘विनाकारण विलंब न करता’ जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. दीड वर्ष हा विनाकारण विलंबच आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल कलम २५(१ख)(क) खाली आज किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास आहे. दुःखाच्या दिवसांत कागदपत्रे सुचत नाहीत, हे मी समजू शकतो. पण ज्या काळात आपण बॅकसाइटचे फोटो आणि मापे शोधत होतात, त्या काळात परवान्याची मुदत आणि नाव एकदा वाचता आले असते. स्वतःहून जमा करणाऱ्याकडे पोलीस बहुधा नरमाईने पाहतात. झडतीत सापडलेल्या रायफलीबाबत तसे होत नाही. गुन्हा दाखल होणारच नाही, अशी हमी मात्र मी देऊ शकत नाही.

म्हणून विक्रेत्याला आजच नकार कळवा, पण आधीचा पत्रव्यवहार पुसू नका. तो पुसल्याने काहीतरी लपवत असल्याचा संशय वाढेल. त्यानंतर रायफल उचलून थेट ठाण्यात जाऊ नका, कारण ती घेऊन रस्त्याने जाण्याचाही परवाना आपल्याजवळ नाही. वडिलांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रतींसह ठाणे अंमलदारांना लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या आणि ते सांगतील त्याप्रमाणे रायफल व असतील तेवढी काडतुसे जमा करा. परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्याची मुभा मिळाली तर तीच घ्या; मुद्देमालाच्या खोलीत तेलपाण्याविना ठेवलेल्या नळीला एका पावसाळ्यात गंज चढतो.

त्यानंतर शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ खाली वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करा आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे सोबत जोडा. .३०३ ही सैनिकी काडतुसाची रायफल असल्याने नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ती प्रवर्ग १(ग) मध्ये येते. तिचा परवाना देणे हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नव्हे, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्कालाही ती मर्यादा लागू आहे, तेव्हा आपल्या नावावर आधीच दोन असतील तर हा मार्ग बंद आहे. मंत्रालय काय ठरवील आणि किती काळ घेईल, याबद्दल मी अंदाज बांधत नाही.

परवाना मिळालाच तर बॅकसाइट देशातल्याच परवानाधारक विक्रेत्यामार्फत शोधा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून बसवून घ्या. ८०० यार्डांपर्यंतच खुणा असलेली बॅकसाइट कोणी दाखवली तर ती क्रमांक ५ कार्बाइनची असते. आखूड नळीसाठी आखलेल्या तिच्या खुणा आपल्या रायफलीला जुळणार नाहीत. तूर्त ते मोडके पातेही घरात ठेवू नका. पाकिटात घालून रायफलीबरोबरच जमा करा आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक व काडतुसांची संख्या यांच्याखाली त्याचीही नोंद करून घ्या.