ट्रॅक रिकामा, सायकली रस्त्यावर

प्रश्न : पुण्यात आमच्या रस्त्याकडेला सायकल ट्रॅक होऊन बरीच वर्षं झाली. सायकल क्वचितच दिसते, गाड्या मात्र उभ्या असतात. दुकानदार म्हणतात, ट्रॅक काढून पार्किंग द्या. लोकांना नकोच असेल तर हट्ट कशाला?

उत्तर : नको आहे की चालवता येत नाही, हे आधी मोजा. सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8, दर 15 मिनिटांनी तीन रकाने भरा : ट्रॅकवर किती, डांबरी रस्त्यावर किती, फुटपाथवर किती. बायका आणि शाळेची मुलं वेगळी लिहा. अकराला गॅलरीतून पाहिलेलं धरू नका. पेपरवाले, वॉचमन, बांधकामावरचे मजूर तोवर निघून गेलेले असतात. 2011च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे 13 टक्के देशभरात सायकलनेच कामावर जात होते. आपल्या डोळ्यांपुढे मात्र हेल्मेटवाला हौशी येतो.

रस्त्याचा रकाना भरलेला आणि ट्रॅकचा रिकामा निघाला, तर टेप घेऊन ट्रॅकवर चाला. हँडल 60-65 सेंटिमीटरचं असलं तरी सायकल डुलते, म्हणून एकाला मोकळा 1 मीटर हवा. मागच्याला पुढे काढायचं तर 2. डीपी (विजेची पेटी), झाड, फलकाचा खांब वजा जाता उरते ती खरी रुंदी. बसथांबा ट्रॅकवरच असेल तर प्रवासी तिथेच उभे राहणार, दोष त्यांचा नव्हे. ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायला हवा होता. सोसायटीच्या प्रत्येक फाटकाशी ट्रॅक उतरतो नि चढतो. 20 फाटकं म्हणजे 40 धक्के. ट्रॅक सपाट ठेवून मोटारीला चढ द्यायचा, हे साधं काम आपल्याकडे उलटं होतं. पेव्हर ब्लॉक केबलसाठी उखडले की खालची वाळू नीट न दाबताच परत बसवतात, ते खचतात. चेंबरच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेत असतील तर बारीक टायर अडकतो. जाळी आडवी फिरवायची.

दुकानदारांची भीती खोटी नाही, पण तीही मोजता येते. दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. तेच आकडे दिवसभर दिसले तर जागा गिऱ्हाइकांनी अडवलेली नाही.

प्रश्न : ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवून आत शिरणाऱ्या स्कूटर थांबतील?

उत्तर : नाही. स्कूटरचं हँडल सायकलपेक्षा फार रुंद नसतं. ते अडेल इतकी फट ठेवली तर तीनचाकी हातसायकल आणि मालाची सायकल आधी अडते. दीड मीटर अंतर ठेवा, मोटारी तरी आत शिरणार नाहीत. दोन खांबांमध्ये साखळी मात्र लावू नका, अंधारात ती दिसत नाही.