‘सेट’ला मराठीत एकच प्रतिशब्द का सापडत नाही?

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, इंग्रजीतल्या ‘सेट’ या शब्दासाठी सगळीकडे चालेल असा मराठी शब्द आहे का, आणि कोशात दिलेला ‘संच’ हा शब्द निम्म्याहून अधिक वाक्यांत अपुरा का पडतो.

असा एक शब्द नाही, आणि याचे पहिले कारण असे की ज्याला आपण एक शब्द समजतो ते मुळात दोन शब्द आहेत. समूह या अर्थाचे ‘सेट’ हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सेक्टा’ हा शब्द आहे, ज्यावरून पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ही इंग्रजीत आला. क्रियापद मात्र इंग्रजीच्या घरचेच आहे. जुन्या इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचे प्रयोजक रूप ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्याकडे ‘बसणे’वरून ‘बसवणे’ आणि ‘उठणे’वरून ‘उठवणे’ सहज होते. इंग्रजीत अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि ‘सिट–सेट’ ही त्यांतली एक. पुढे या दोन शब्दांचे लेखन व उच्चार एक झाले, अर्थांची सरमिसळ झाली आणि कोशकारांचे काम अवघड होऊन बसले. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या एकट्या क्रियापदाचे 430 अर्थ नोंदवलेले आहेत आणि ती नोंद सुमारे 60,000 शब्दांची आहे. त्यानंतरच्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांसह त्याला मागे टाकले.

मला या शब्दाविषयी विशेष ओढ वाटते ती त्याच्या मुळामुळे. ‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ हा धातू एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. ‘सदन’, ‘संसद’, ‘परिषद’, ‘सभासद’ हे आपले नेहमीचे शब्द त्या धातूचेच, आणि त्याचे ‘सादयति’ हे प्रयोजक रूप रचनेने थेट ‘सेट’चे भावंड ठरते. मराठी ‘बसणे’ या कुळातले नाही. ते ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आपल्यापर्यंत आले. तरीही अर्थविस्तारात ‘बसवणे’ने जवळजवळ तीच वाट धरली आहे. वैद्य निखळलेले हाड बसवतो, सुतार चौकट बसवतो, सोनार अंगठीत खडा बसवतो, आणि या तिन्ही ठिकाणी इंग्रजी माणूस ‘सेट’च म्हणेल. खडा ज्यात बसतो त्या घराला इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘कोंदण’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत हेच ‘सेटिंग’ कथा जिथे घडते त्या स्थळकाळालाही लावतात. आपण तिथे सवयीने ‘पार्श्वभूमी’ लिहितो, पण ‘डोंगरांच्या कोंदणात वसलेले गाव’ असे आपणही म्हणतोच, म्हणजे सोनाराच्या हातातून लेखकाच्या हातात जाण्याचा प्रवास दोन्ही भाषांत झालेला आहे.

पुढे मात्र वाटा फुटतात. गजर, सापळा, आग आणि गीताची चाल यांच्यासाठी मराठीला ‘लावणे’ हवे असते. तारीख ठरवायची असते, प्रश्नपत्रिका काढायची असते, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे असतात, आणि सूर्य तर मावळतो. त्यामुळे भाषांतर करताना ‘सेट’कडे न पाहता त्याच्या कर्माकडे पाहावे. कर्म कळले की मराठी क्रियापद आपोआप सुचते.

नामाचेही तसेच आहे. गणितात ‘संच’ पक्का रुळला आहे आणि ‘उपसंच’, ‘रिक्त संच’ या संज्ञा सुबक आहेत. घरात मात्र किल्ल्यांचा जुडगा असतो, कपड्यांचा जोड असतो आणि कृत्रिम दातांची कवळी असते. तिथे ‘संच’ लिहिणे मला परकेपणाचे वाटते. ‘दूरचित्रवाणी संच’ हा शब्द तर इंग्रजी शब्दाला शब्द ठेवल्यामुळेच जन्माला आला, कारण एका उपकरणाला संच म्हणण्याचे मराठीला स्वतःहून काही कारण नव्हते. टेनिसमध्ये आणि चित्रीकरणाच्या जागी ‘सेट’ हाच शब्द ठेवावा, तो आता मराठीच आहे. उलट छुपे संधान या अर्थाने बोलण्यात येणारे ‘सेटिंग’ आपण आपल्या बाजूने घडवले आहे. इंग्रजीत ‘सेटिंग’ला तो अर्थ नाही, म्हणून तिकडे भाषांतर करताना तो शब्द तसाच ठेवू नये.

वाचकाने पाठवलेल्या उदाहरणांपैकी सर्वांत फसवे ‘सेट असाइड’ हे आहे. पैसे किंवा वेळ ‘सेट असाइड’ केला तर तो बाजूला काढून ठेवला, राखून ठेवला. पण वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला, तर त्याने तो रद्द केला. तिथे ‘आदेश बाजूला ठेवला’ असे लिहिल्यास तो पुढे कधीतरी विचारात घेतला जाईल असा समज होतो, आणि निकालाचा अर्थच बदलतो. ‘रद्द केला’ किंवा ‘रद्दबातल ठरवला’ असेच लिहावे.